सात नावांचं मंगलाष्टक

माझ्या कवितेला समीक्षकांनी मुत्सद्दी म्हटलं आणि माझ्या सरकारी टिपणांना वरिष्ठांनी काव्यात्म म्हटलं. दोन्हीकडे ती शिवीच होती. आता मुदतीच्या बऱ्याच आधी सगळं आवरून घरी बसलो आहे, तर भेटायला येणारी तरुण मंडळी हटकून विचारतात, की वकिलातीतली नोकरी आणि कविता ही दोन कामं तुम्ही कशी काय सांभाळली? मी चष्मा पुसत काहीतरी शोभेलसं उत्तर देतो. ते लिहून घेतात. खरं उत्तर असं आहे, की ही दोन्ही कामं मी लातुरात, बारावीचा अभ्यास करायच्या ऐवजी, एकाच लग्नात शिकलो. आणि त्या लग्नात मी जे केलं ते पुढे नोकरीत केलं असतं तर मला पहिल्याच विमानाने परत बोलावलं असतं.

मी मूळचा देगलूरचा. बाजाराच्या तोंडाशी खाली अब्बांचं शिलाईचं दुकान आणि वर आमचं घर. गिऱ्हाईक तेलुगूत बोले, कन्नडमध्ये घासाघीस करी, मराठीत भांडे, आणि अब्बा सगळ्यांची मापं उर्दूत लिहीत. सदरा मात्र सगळ्यांना सारखाच ढगळ होई. आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, सेहरे लिहीत. सेहरा म्हणजे नवरदेवाच्या कपाळावरून लोंबणाऱ्या फुलांच्या माळा, आणि त्या लग्नासाठी रचून म्हटलेली कविता, तीही सेहराच. दादांच्या हाताखाली मी लहानपणापासून त्यातली कारागिरी पाहिली. मामा, चाचा, फूफा, सगळ्यांची नावं ओवायची. एखादा फूफा सुटला तर तो जेवायला बसत नाही. शेवटून दुसऱ्या शेरात घरातल्या गेलेल्या माणसाची आठवण काढायची, तिथे बायांनी ओढणी डोळ्याला लावायची, मग शेवटच्या शेरात दुआ, आणि मग बिर्याणी. दादा म्हणायचे, ‘‘सेहरा सुनके घर का एक आदमी तो रोना. नै तो वो सेहरा कायका, दावत का पर्चा हुआ.’’ हे मी अगदी श्रद्धेने डोक्यात ठेवलं होतं. जगातल्या सगळ्या लग्नांत असंच असतं, अशी माझी समजूत होती. घोटाळ्याचं मूळ ते.

त्या दिवसांत आमच्याकडे ज्या पोराला चांगले मार्क पडत त्याला डॉक्टर व्हायला लातूरला पाठवत, आणि ज्याला पडत नसत त्याला तर पाठवतच. मला अधलेमधले पडले, म्हणून अब्बांनी दोन दिवस जास्त विचार केला आणि मग पाठवलं. लातूर तेव्हा दोनच गोष्टींनी घुमत होतं, डाळ मिलच्या घरघरीनं आणि क्लासच्या घंटांनी. भिंत दिसेल तिथे हसऱ्या पोरांचे फोटो आणि त्याखाली त्यांचे मार्क. आमच्या क्लासात दोनशे पोरं एका हॉलमध्ये मांडीला मांडी लावून बसत. भूकंपाला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं, पण रस्त्यावरून पोत्यांचा भरलेला ट्रक गेला की हॉलची फरशी थरथरे आणि दोनशेच्या दोनशे पोरं चपला न घालता मैदानात. सर सगळ्यांत पुढे. ट्रक वळला की सगळे पुन्हा आत येत, कुणी कुणाकडे बघत नसे, आणि सर खडू उचलून म्हणत, ‘‘हां, तर आपण कुठं होतो?’’ आम्ही कुठे होतो ते मला तरी बारावी संपेपर्यंत कळलं नाही.

मी राहत होतो ते घर व्यंकटरावकाकांचं. काका डाळ मिलमध्ये मुकादम. अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट. भूकंपाच्या आधी दोनच वर्षं त्यांनी मोठ्या हौसेनं तीन खोल्यांवर स्लॅब टाकला होता. भूकंपानंतर घरातलं कुणीही त्या स्लॅबखाली झोपायला तयार होईना. मग काकांनी अंगणात पत्र्याची शेड उभारली, सगळा संसार तिच्यात नेला, आणि स्लॅबच्या खोल्या क्लासच्या पोरांना भाड्यानं दिल्या. घरमालक पत्र्याखाली आणि भाडेकरू स्लॅबखाली, अशी लातुरात तेव्हा गल्लोगल्ली व्यवस्था होती. आमच्या आईबापांना वाटे, पोरांना पक्क्या घरात ठेवलंय. काका आम्हा सहाही जणांना आधीपासूनच ‘डाक्टर’ म्हणत. एकदा मी धीर करून विचारलं, की काका, स्लॅब मजबूत आहे ना? ते म्हणाले, ‘‘लई मजबूत हाय, डाक्टर. म्हनून तर तुमाला दिला.’’

जेवण काकूंकडेच. बाहेरच्या मेसमध्ये मी चार दिवस जेवून पाहिलं होतं. ज्या गावातून अर्ध्या देशाला डाळ जाते त्या गावातल्या मेसच्या वरणात डाळ शोधायला भिंग लागे. काकूंचं वरण मात्र घट्ट, वर लसणाची फोडणी, सोबत ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. पुढे कितीतरी राजधान्यांत, झुंबराखाली, हातभर लांब मेनू वाचून मी उपाशी उठलो, आणि दर वेळी मला त्या पत्र्याच्या शेडमधली जर्मनची ताटं आठवली. शुक्रवारी मी अभ्यासाचं सोंग करून बसलो, की काकू चुलीपाशीनंच ओरडत, ‘‘सलीम, आज शुक्रवार हाय, नमाजला जातूस का मी पाठवू कुनाला संगं?’’ माझ्या आईनं माझ्यावर पाळत ठेवायला त्यांना नेमलंय, असा मला बरेच दिवस संशय होता.

कवितेची सुरुवातही काकूंमुळेच झाली. हळदीकुंकवाला त्यांना नवा उखाणा हवा होता. मी एक करून दिला. तो गाजला. मग शेजारणींना हवे झाले. देगलूरच्या शाळेत आम्हाला मराठीला जे गुरुजी होते त्यांनी वृत्तं अशी घोटून घेतली होती, की मला भाजीची यादीसुद्धा शार्दूलविक्रीडितात सुचे. तिकडे रसायनशास्त्राची वही कोरी आणि इकडे माझ्याकडे आठवड्याला पाच-सहा उखाण्यांचं काम. त्यामुळे काकांच्या मुलीचं, सुनंदाताईचं लग्न ठरलं, तेव्हा मंगलाष्टक मीच लिहायचं आणि मीच म्हणायचं, हे कुणी ठरवावं लागलंच नाही. लग्न लावणाऱ्या गुरुजींनी एवढंच विचारलं, ‘‘वृत्त नीट आहे ना? यती चुकवत नाहीस ना? मग म्हण बाबा. गेली दहा वर्षं मी लोकांची बेसूर वृत्तं ऐकतोय.’’

आता या लग्नाची गोम सांगायला हवी. सुनंदाताई निलंग्याकडच्या एका भूकंपग्रस्त गावाच्या पत्र्याच्या वसाहतीत बालवाडी चालवायला जात असे. तिथल्या शाळेवर माधव नावाचे मास्तर होते. शांत, उंच, बोलताना जमिनीकडे बघणारे. भूकंप झाला तेव्हा ते नोकरीनिमित्त नांदेडला खोली करून होते आणि त्यांचे आजोबा, तात्या, शेतात राखणीला होते. म्हणून ते दोघे उरले. घरातली बाकीची सात माणसं गेली. सुनंदाताईनं घरी येऊन सांगितलं, की लग्न करीन तर या मास्तरांशी. काका तीन महिने तिच्याशी बोलले नाहीत. मास्तर वाईट म्हणून नव्हे. मास्तरांना ते स्वतः ‘सोनं हाय’ म्हणत. शेवटी काकूंनीच त्यांना तयार केलं. पण ज्या दिवशी सुपारी फुटली त्या दिवशी काका माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. स्लॅबखाली यायचं नाही म्हणून ते नेहमी उंबऱ्याबाहेरूनच बोलत.

‘‘डाक्टर, तुज्या कवितीत एक ध्यानात ठिव. त्या घरचं गेलेलं एक बी नाव मांडवात निगता कामा न्हाई. पत्रिकेत मी कैलासवाशी छापू दिलं न्हाई. भूकंप म्हनून कुनी सबुद काडला तर मी तितनंच उठून जाईन.’’

मी म्हटलं, ‘‘पण काका, कविता तर आशीर्वादाची असते.’’

‘‘त्या घरातनं सात जन गेले, सलीम.’’ त्यांनी मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली. ‘‘माजी पोरगी आटवी हून त्या घरात चाल्ली. मला त्यांची नावं बी ठावं न्हाईत आन् ठावं करून घ्यायची बी न्हाईत. तू हाव मन.’’

मी हाव म्हटलं. एवढा मोठा माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहून घाबरलेला मी पाहिला नव्हता. दुसरं काय म्हणणार होतो.

चार दिवसांनी तात्या आले. त्यांना पोशाखाचं माप द्यायचं होतं. शिंप्याचा पोरगा म्हणून काकूंनी टेप माझ्या हातात दिली. छातीचं माप घेताना तात्या हळूच म्हणाले, ‘‘मंगलाष्टक तूच करून ऱ्हायला म्हनं?’’ मी म्हटलं, हो. ते म्हणाले, ‘‘मग आईक. मला ह्यो पोशाक नको, घड्याळ नको, मानपान काय बी नको. बोहल्यापाशी माज्या घरची सात नावं घे. समद्यांच्या लग्नात घरचे मागं हुबे असतात. माज्या माधवच्या मागं मी एकलाच. नावं घेनार नसशील तर मी बाहीर ट्रकात बसून ऱ्हाईन, माजं काय म्हननं न्हाई.’’ मग त्यांनी एकेक नाव सांगितलं आणि मी शिलाईच्या मापांखालीच ते लिहून घेतलं. सहा नावं झाली. सातव्याला ते थांबले आणि म्हणाले, ‘‘आन् माधवची माय.’’ सुनेचं नाव सासऱ्यानं कसं घ्यायचं. ते मी नंतर मास्तरांना विचारून लिहिलं. तात्यांनी जाताना विचारलं, ‘‘घेतूस न्हवं?’’

मी पुन्हा हाव म्हटलं. आमच्याकडे तर हे असतंच, असं मला वाटलं. शेवटून दुसरा शेर.

संध्याकाळी सुनंदाताई ओसरीवर तूर निवडत बसली होती. तिला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. तिचे हात थांबले. ‘‘तात्या मांडवात आले न्हाईत तर हे पाटावर उभे राहनार न्हाईत,’’ ती म्हणाली, ‘‘आन् नावं घेतली तर अप्पा उठून जातील. अप्पा म्हनतात ते करतात. तू दोघांला बी हाव म्हनलास?’’ मी मान हलवली. तिनं सूप माझ्या पुढ्यात सरकवलं. ‘‘तर मग तूर निवड आन् इचार कर. माजं लगीन मोडलं तर तुला मी ह्याच स्लॅबखाली कोंडीन.’’ हे ती हसत म्हणाली. पण डोळे भरलेले होते, आणि मला त्या क्षणी कळलं, की मी शब्द दिला नव्हता, तिचं लग्न पणाला लावलं होतं.

मग मी वाटाघाटी सुरू केल्या. हा शब्द तेव्हा मला माहीत नव्हता. मी त्याला ‘काकांना पटवणं’ म्हणत असे. काका मिलमधून आले, की मी त्यांच्यासोबत चहा घेई आणि लांबून विषय काढी. नावं नको, पण थोरामोठ्यांच्या आशीर्वादाची एखादी ओळ? काका म्हणाले, मोघम असली तर चालंल. मग तात्यांकडे निरोप पाठवला, की नावं तीनच घेतली तर? उलट निरोप आला, की कोनची चार सोडू ते तूच सांग. आठवडाभर घासून दोन ओळी झाल्या:

गेले जे पुढती तयांस वळुनी आवर्जुनी बोलवा,
त्यांच्याही पदरी पडोत इथुनी दो अक्षता आपुल्या.

काकांना वाचून दाखवल्या. त्यांनी भुवई वर केली. ‘‘पुडं गेले मंजी कोन?’’ मी डोळ्याची पापणी न हलवता म्हणालो, ‘‘पहिल्या पंगतीला बसलेले, काका. त्यांना अक्षता मिळत नाहीत ना.’’ काका खूश झाले. म्हणाले, ब्येस, त्यांचा बी इचार केलास. पुढे आयुष्यभर मी दोन देशांच्या मसुद्यांत असली कलमं घातली आणि त्याबद्दल पगार घेतला. पण इतकं उघड खोटं इतक्या निर्मळ चेहऱ्यानं मी पुन्हा कधी बोललो नाही.

राहिली सात नावं. ती वृत्तात बसेनात. काशीनाथ बसत होता, तो एकटाच. रामलिंगाला जागा केली की गयाबाई बाहेर पडत. तीन दिवस झटापट करून मी हात टेकले आणि ठरवलं, की दोन ओळी चालीवर म्हणायच्या, मग नावं नुसती भराभर वाचायची, आणि लगेच ‘कुर्यात् सदा मंगलम्’वर यायचं. माझी सगळी भिस्त एका गोष्टीवर होती. मंगलाष्टकं कुणीही ऐकत नाही. तुम्हीच आठवून पाहा. नवरीकडच्या मावश्या साड्या बघत असतात, पोरं मुठीतल्या अक्षता एकमेकांना मारत असतात, पुरुषमंडळी पंगतीच्या दिशेनं एकेक पाऊल सरकत असतात. सगळ्यांचा कान फक्त ‘सावधान’कडे. शिवाय काका त्या वेळी फाटकापाशी एका पुढाऱ्याचं स्वागत करायला उभे राहणार होते. म्हणजे शेजारी उभे असलेले तात्या ऐकतील, बाकी मांडव ऐकणार नाही, आणि दोन्हीकडे माझा शब्द राहील. पुढे मी असे अनेक करार पाहिले, जे फक्त कुणी ऐकत नाही म्हणून टिकले होते.

लग्न भर उन्हाळ्यातलं, मुहूर्त दुपारचा. मैदानात मांडव, कडेला खड्ड्यांवर कढया, वांग्याच्या भाजीचा आणि बुंदीच्या पाकाचा वास असा एकत्र पसरलेला, की त्या वासानंच अर्धं पोट भरावं. काकू सकाळपासून घामानं निथळत ज्याला त्याला ‘जेवल्याबिगर जायचं न्हाई’ म्हणत होत्या. जेवण तयार व्हायचं होतं तेव्हापासून. वसाहतीतली माणसं दोन ट्रक भरून आली. धुतलेले कपडे, तेल लावलेली डोकी. ती उतरली आणि मांडवाच्या डाव्या अंगाला एका जागी बसली, आणि बसूनच राहिली. पोरंसुद्धा पळाली नाहीत. आमच्या बाजूनं नेहमीचा कालवा होता, त्या बाजूनं आवाज नाही. मंगलाष्टकं ऐकायलाच आलेली माणसं मी पहिल्यांदा पाहत होतो.

अंतरपाट धरला. एका बाजूला सुनंदाताई, मुंडावळ्यांतून माझ्याकडेच बघत असलेली. दुसऱ्या बाजूला माधव मास्तर, त्यांच्या मागे नवा पोशाख घातलेले तात्या. पोशाख ढगळ झाला होता. माप मी घेतलं होतं. गुरुजींनी पहिली दोन मंगलाष्टकं म्हटली आणि माझ्या हातात माइक दिला. तेवढ्यात निरोप आला, की पुढाऱ्याची जीप अजून औशालाच आहे. आणि फाटकापाशी असायचे ते काका लांब ढांगा टाकत आले आणि माझ्यापासून पाच हातांवर, मुठीत अक्षतांची रंगीत ज्वारी घेऊन उभे राहिले.

कागद खिशात घालून मोकळं व्हावं असं मनात आलं. तात्यांकडे पाहिलं. ते माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होते. मी दोन ओळी म्हटल्या. आवाज बरा लागला. मग कागद वर धरला आणि वाचलं, ‘‘नरसिंग धोंडिबा.’’

‘‘हाय,’’ तात्या म्हणाले.

मांडव गप्प झाला. वसाहतीतल्या लोकांना जे क्षणात कळलं ते मला मास्तरांनी नंतर सांगितलं. वसाहतीत दर सोमवारी धान्य वाटायला एक कारकून येई आणि भूकंपाआधीच्या यादीवरून नावं वाचे. ज्या घरचं नाव असेल त्या घरच्या मोठ्या माणसानं उत्तर द्यायचं, दुसऱ्यानं तोंड घालायचं नाही, नाहीतर धान्य अडके. यादी कुणी दुरुस्त केलीच नाही. दीड वर्षं, दर सोमवारी, तात्यांच्या घरची सात नावं वाचली जात, आणि सात वेळा तात्या उभे राहून म्हणत, ‘न्हाई.’ आता हातात कागद घेऊन कुणी सपाट आवाजात नाव वाचलं, की वसाहतीतला माणूस झोपेतसुद्धा उत्तर देई. मी वृत्त सोडून नुसतं वाचलं, म्हणजे नेमकं तेच केलं. फक्त त्या दिवशी तात्यांचं उत्तर वेगळं आलं.

मी थांबू शकलो नाही. ‘‘गयाबाई.’’ ‘‘हाय.’’ ‘‘काशीनाथ.’’ ‘‘हाय.’’ पलीकडे एक म्हातारी तोंडाला पदर लावून उभी राहिली. मग एकेक करत डावीकडचा सगळा मांडव उभा राहिला, आणि आमच्याकडची माणसं काय चाललंय ते न कळूनही उठली. ‘‘रामलिंग.’’ ‘‘हाय.’’ काकांकडे बघायची माझी हिंमत नव्हती. त्यांच्या मुठीतून ज्वारी गळत असल्याचा आवाज मात्र येत होता, किंवा मला तसं वाटलं. ‘‘वैशाली.’’ तात्यांचा आवाज चिरकला, ‘‘हाय.’’ ‘‘बंडू.’’ फार वेळानं, ‘‘हाय.’’ अंतरपाटाच्या मागे मास्तरांचे खांदे हलत होते. मी शेवटची ओळ वाचली, ‘‘माधवची माय, कौसल्या.’’

उत्तर आलं नाही. तात्यांनी तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. त्यांनी मान हलवली, पुन्हा प्रयत्न केला. घरातले मोठे तात्या उभे असताना मास्तरांना पाटावरून बोलता येत नव्हतं. वसाहतीतला प्रत्येक माणूस उभा होता, पण दुसऱ्याच्या घरचं नाव कोण उचलणार? मला वाटलं, एवढं एक नाव असंच राहणार, आणि याला जबाबदार मी.

‘‘हाय,’’ काका म्हणाले.

मिलच्या घरघरीवर ओरडायची सवय असलेला तो आवाज, मांडवाच्या पार टोकापर्यंत गेला. ‘‘हाय. माजी इहीन हाय ती.’’

गुरुजींनी माझ्या हातातून माइक घेतला आणि शेवटचं कडवं स्वतः म्हटलं. सावधान झालं, बँड वाजला, अक्षता पडल्या. मी मांडवाच्या मागे, कढयांच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. देगलूरची एसटी किती वाजता आहे, ते आठवत होतो. थोड्या वेळानं काका बुंदीची बादली हातात घेऊन तिथे आले. डोळे लाल होते. धुरानं असतील म्हणावं, तर चूल वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला होती.

‘‘मला काय मनला हुतास?’’

‘‘नावं येणार नाहीत, म्हणून.’’

‘‘आन् तात्यास्नी?’’

‘‘येतील, म्हणून.’’

‘‘पैल्या पंगतीचे लोक, आँ? लबाडा. तुज्याशी मी उद्या बोलनार हाय.’’ बादली त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, पण जागचे हलले नाहीत. पंगतीतून कुणीतरी बुंदी म्हणून हाक मारली. काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते माझ्या जवळ सरकले आणि त्यांच्या मानानं अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘‘माय, एवढंच आईकलं मी. फुडचं ध्यानात ऱ्हायलं न्हाई. माज्या इहिनीचं नाव काय मनलास?’’

‘‘कौसल्या,’’ मी म्हटलं.

‘‘कौसल्या,’’ ते म्हणाले. मग पाठ करतात तसं एकदा मनाशी म्हणाले, आणि वाढायला गेले.